सोजरबाई नववीला

आमच्या शाळेत पगार महिन्यातून एकदा मिळतो, किस्से मात्र रोज! पगार कधी आला आणि कुठं गेला ते कळत नाही, किस्से साठतच जातात. आता तर अशी गत झालीय की कुठल्या लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई कोपर मारते, "गायकवाड बाई, शाळेतलं एखादं सांगा की हो!" मी सांगायला बसते, पंगत उठते, आणि माझ्या पानातला भात तसाच.

शाळा कुठली म्हणाल, तर खजुरीच्या रस्त्याला, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. गावाचं नाव नाही सांगायची. सांगितलं तर उद्या सगळं गाव भांडायला येईल, आणि भांडून झालं की चहा मागील. सरकारी मराठी शाळा, पहिली ते आठवी, पण कर्नाटकातली. म्हणजे शिकवायचं मराठीत, वरचे हुकूम यायचे कन्नडात, आणि भांडणं हिंदीत. पाचवीच्या वर्गात उभं राहिलं की मोबाईल कर्नाटकात असतो, आठवीच्या वर्गात गेलं की टुंग करून सांगतो, महाराष्ट्रात आपले स्वागत आहे! आमचे हेडमास्तर बिरादार सर म्हणतात, "बाई, आपली पोरं लघवीला जातानासुद्धा परराज्यात जाऊन येतात."

दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, ते होळीच्या पुढं-मागं परततं. काही लेकरं आईबापासोबत फडात जातात, काही मागं आजीपाशी राहतात. जी आजीपाशी राहतात ती शिकतात. इतका साधा हिशोब आहे. आमची शाळा सरकार चालवतं असं कागदावर आहे, पण खरं विचाराल तर ती आज्या चालवतात.

*

पहिला किस्सा माझ्याच घरचा सांगते, म्हणजे पुढं कुणाला हसले तर कुणी रागावणार नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा हजर व्हायच्या दिवशी आई सोबत आली. आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली. बाप लवकर गेला, पण घरात बाबासाहेबांचा फोटो होता, आणि आईचा एकच नियम होता. शाळा बुडवली तर त्या फोटोसमोर उभं राहून कारण सांगायचं. आईला थाप मारता यायची, फोटोला नाही यायची. त्यामुळं मी शाळा बुडवलीच नाही.

तर आई आली, पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या, आणि तेव्हाच्या हेडमास्तरांना म्हणाली, "साहेब, तिला जरा खुर्चीवर बसवा."

त्यांना वाटलं मला चक्कर येतेय! त्यांनी घाईनं खुर्ची ओढली, पाणी मागवलं. मी बसले. आई समोर उभी राहिली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. डोळे भरून आले होते तिचे, माझेही आले. पदरानं तोंड पुसलं तिनं आणि म्हणाली,

"बघितलं. आता ऊठ आन शिकवाया लाग. बसून पगार खायाला न्हाई धाडलं तुला!"

अजून खुर्चीवर बसले की मला मागून कुणीतरी बघतंय असं वाटतं.

*

आता सोजरबाई. ही या सगळ्या किश्श्यांची राणी. कपाळावर गोंदण, नाकात भली मोठी नथनी, आणि आवाज असा की पलीकडच्या गावातली कुत्री जागी व्हावीत. हिचा लेक तुळशीराम आणि सून महादेवी दरवर्षी ऊसतोडीला. नात भाग्यश्री, म्हणजे भागी, आजीपाशी. धाकटा नातू तान्हा होता तेव्हा आईच्या पाठीवर फडात गेला, आणि पुढंही तिकडंच वाढला.

भागी तिसरीत असताना एकदा येईनाशी झाली. मी घरी गेले. सोजरबाई खुरप्याला धार लावत होती.

"सोजरबाई, पोरगी शाळेत कामून नाही?"

"शेरडी याली हाय बाई. म्या खुरपाया गेल्यावर तिच्याजवळ कोन बसंल? तुमी बसताव का?"

माझं डोकं म्हणजे काडेपेटी. घासली की पेटली. मी म्हटलं, "मग शेरडीला पण शाळेत पाठवा!"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला भागी हजर, आणि तिच्यामागं शेळी, शेळीमागं दोन करडं! सोजरबाई फाटकातूनच ओरडली, "बाईनंच सांगितलंय!" आणि गेली रानात. आता बोलले ते मीच बोललेले. शेळी झेंड्याच्या खांबाला बांधली. पोरांनी आपापल्या घरनं पाला आणला. चांगलं आठ-पंधरा दिवस चाललं.

आणि नेमके तालुक्याचे साहेब आले तपासणीला. फाटकातच थबकले. "येनिदु?" म्हणाले, म्हणजे हे काय आहे? बिरादार सरांच्या कपाळावर घाम. मी म्हटलं, "साहेब, ती आली तर ही येते." आणि शेळीकडं अन् भागीकडं बोट केलं.

साहेबांनी शेळीकडं बघितलं. शेळीनं साहेबांकडं बघितलं. मग साहेब म्हणाले, "रोज येते?"

बिरादार सर छाती काढून म्हणाले, "एक खाडा नाही साहेब. पोरीचापण नाही!"

*

तुळशीराम शाळेत कधी गेलाच नाही. पण लेकीच्या अभ्यासावर त्याचं लक्ष भारी. फडातून दुपारच्या सुट्टीत माझ्या फोनवर फोन यायचा. मागं उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज, आणि हा ओरडायचा, "बाई, भागीला द्या जरा!"

भागी आली की पहिला प्रश्न, जेवलीस का. दुसरा प्रश्न, पाढा म्हण. मी फोन स्पीकरवर टाकायची. भागी घडाघडा म्हणायची, आणि तुळशीराम मध्येच, "हां… हां… थांब, चुकलं! परत म्हन!"

आणि खरंच चुकलेलं असायचं! मला नवल वाटायचं. या माणसाला सही येत नाही, आणि पाढ्यातली चूक बरोबर पकडतो. तो हंगामाहून परत आला तेव्हा मी विचारलंच, "तुळशीराम, तुम्हाला पाढे कुणी शिकवले हो?"

तो लाजला. "मला कुठलं येतंय बाई? अडखळली का समजतंय. खरं बोलनारा मानूस थांबत न्हाई. थांबली का चूक!"

मी मनात त्या माणसाला नमस्कार केला. बापानं बाप व्हायची केवढी ही युक्ती!

पण पोरगी कुणाची? सोजरबाईची नात! बापाचं हे गणित तिनं कधीच ओळखलं होतं. पुढच्या हंगामात एकदा मी वह्या तपासत बसले होते, फोन स्पीकरवर होता, आणि भागी तोफेसारखी सुटली होती, "सात सक सव्वीस, सात साते सदतीस, सात आठे अडतीस, सात नव्वे नव्वद!"

आणि तिकडून ट्रॅक्टरच्या आवाजावरून तुळशीराम गरजला, "शाब्बास माझी वाघीण!"

त्या दिवसापासून मी भागीला दुपारच्या सुट्टीत समोर बसवायला लागले. "घाई नको. थांब, डोक्यात बघ, मग बोल." पण गणिताची आणि तिची जी खुन्नस पडली ती पडलीच. बाकी सगळ्या विषयांत हुशार, गणित म्हटलं की चेहरा आंबट.

*

मध्ये थोडं हलकं सांगते, नाहीतर म्हणाल बाईनं शाळाच भरवली.

आमच्याकडं दुपारच्या जेवणात अंडं मिळतं. जे खात नाहीत त्यांना केळ. शाळा समितीचे अध्यक्ष मल्लप्पा अप्पा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात कांदासुद्धा जपून. पण माणूस फार सज्जन. शाळेची भिंत पडली तर स्वतःच्या बैलगाडीतून दगड आणून दिले त्यांनी. त्यांचा नातू चौथीत. अप्पांनी अध्यक्ष झाल्या-झाल्या शांताक्काला, म्हणजे आमच्या स्वैपाकीणबाईला, बजावून ठेवलेलं, "अक्का, आमच्या लेकराला केळ. आन केळाच्या टोपल्याला अंड्याचं टोपलं लागू द्यायाचं न्हाई."

शांताक्का रोज नेमानं त्याच्या ताटात केळ ठेवायची. नातू शहाण्यासारखा केळ घेऊन खांबामागं जायचा. खांबामागं भागी बसलेली असायची. भागीला केळ फार आवडायचं. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

एकदा अप्पा जेवणाच्या वेळेला अचानक आले. सगळीकडं फिरले, टोपल्या बघितल्या, खूश झाले. नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्रेमानं विचारलं, "कसं होतं रे बाळा केळ?"

नातू तोंड पुसत म्हणाला, "चांगलं होतं आज्जा. मीठ कमी होतं."

अप्पांनी एकदा खांबामागं डोकावून बघितलं. मग शांताक्काकडं वळले आणि हळूच म्हणाले, "अक्का, उद्यापासनं मीठ नीट टाका."

*

आमचे कन्नडाचे गौडा सर तिकडं दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचे. नवीन लागले तेव्हा मराठी शून्य, आणि शिस्त मात्र मिल्ट्रीची. त्यांना आमच्याकडचा वेळ अमावास्येचा सण ठाऊक नव्हता. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. सगळे रानात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आणि जेवायला भज्जी म्हणजे पालेभाज्या-शेंगांची पातळ भाजी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. मोठी गंमत म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढं सोडायचं नाही. ओळख असो-नसो, हाताला धरून रानात ओढायचं. नाही म्हणणं म्हणजे अपमान!

गौडा सर सकाळी शाळेत आले. आम्ही सगळे रानात. एकही पोरगं नाही. सर तापले. म्हणाले, एकेकाला धरून आणतो! आणि निघाले रानाच्या वाटेनं.

पहिल्याच वावरात मल्लप्पा अप्पा उभे. "या सर!" गौडा सर म्हणाले, "मक्कळु! स्कूल!" म्हणजे पोरं, शाळा! अप्पांनी हाताला धरून बसवलं. भज्जी, भाकरी, आंबील. उठून पुढं गेले, दुसऱ्या वावरात बिरादार सरांची भावकी. परत भज्जी, परत आंबील. तिसऱ्या वावराच्या बांधावर सोजरबाई! तिला स्वतःचं रान नाही, पण ज्यांच्या रानात खुरपते त्यांच्या खोपीत तिचा मान मोठा. सरांनी पोटावर हात ठेवला, मान हलवली, हात जोडले. सोजरबाई म्हणाली, "लेकरू लाजायलंय!" आणि मोगाभर, म्हणजे मडकंभर, आंबील पुढं धरली.

आंबील थंड, ऊन कोवळं, आणि मंड्याच्या पोटाला सवय नाही. सर तिथंच कडब्यावर आडवे झाले. ज्या पोरांना धरून आणायला गेले होते, त्याच पोरांनी त्यांना संध्याकाळी बैलगाडीत घालून घरी आणलं. भागी त्यांच्या चपला हातात धरून मागून चालत होती.

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा हजर. मी हजेरी घेतली आणि बिरादार सरांना सांगितलं, "सर, एकच गैरहजर. गौडा सर!"

*

आता खऱ्या गोष्टीकडं येते. भागी आठवी झाली. पुढचं हायस्कूल मोठ्या गावात, बसनं जायचं, आणि तुळशीराम जूनपासून आज घालतो, उद्या घालतो म्हणत तिचं नाव घालायचंच टाळत होता. दिवाळी तोंडावर आली, कारखान्याची गाडी यायची वेळ झाली, आणि तुळशीराम शाळेत आला. मी ओळखलंच. आमच्याकडं दिवाळीच्या आधी बाप शाळेत आला की दाखला मागायला येतो.

"बाई, औंदा भागीला संगं नेतो. धाकटं लई वढाळ झालंय, फडात साप-इच्चू. ही राहिली तर त्याला बघंल, भाकरी टाकंल. महादेवीलाबी जरा आराम."

"आणि हायस्कूल?"

"आठवी झाली की. आमच्या घरात कोन आठवी झालंय?"

माझी काडेपेटी पेटली. म्हटलं, "तुळशीराम, पाढे ऐकायला फोन कोण करत होतं? पाढे काय उसाला ऐकवायला शिकवले?"

तो म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं, "बाई, तुमी रागावताव. पर म्या तिकडं शंभर कोसावर. पोरगी वयात आलेली. रोज बसनं जायाची, यायाची, येकटी. काय झालं-गेलं तर जिम्मेदार कोन?"

बाहेर वऱ्हांड्यात बसलेली सोजरबाई तिथूनच म्हणाली, "मी."

"मी काय, आये?"

"मीच जाती तिच्यासंगं. रोज. बस बायकांला फुकट हाय न्हवं? मला काय तिकीट लागतंय? मग?"

"आन दिसभर तिकडं काय करशील?"

"हितं काय करती? बसतीच की. तिकडं बसंन!"

तुळशीराम माझ्याकडं बघायला लागला, मी बिरादार सरांकडं. कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही की आजीनं हायस्कूलला जायचं नाही. शेवटी तुळशीराम उठला. जाता-जाता दारात थांबला आणि म्हणाला, "धाव्वीपतुर. पास झाली तर पुढचं बघू. न्हाई झाली तर फडात. मग मला कुनी काय बोलायचं न्हाई. तुमीबी न्हाई, बाई."

सोजरबाई म्हणाली, "चालतंय." मीही मान हलवली. पण घरी जाईपर्यंत मी बोटांवर विषय मोजत होते. इतर विषयांची काळजी नव्हती. गणित होतं ना मध्ये!

*

तर सोजरबाई रोज सकाळी भागीच्या आधी स्टँडवर. लुगडं स्वच्छ, कमरेला आधार कार्डाची पिशवी, फडक्यात भाकरी. दाराजवळची दोघींची सीट ठरलेली.

बसचा कंडक्टर अळंदकडचा, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, पण पुरा थट्टेखोर. रोज रोज ही म्हातारी कुठं चाललीय म्हणून त्यानं एकदा विचारलं, "एल्लिगे अज्जी? कुठं?"

सोजरबाई म्हणाली, "हायस्कूलला."

"असं? कितवीला?"

सोजरबाईनं आधार कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं आणि ठणकावून म्हणाली, "नववीला!"

सगळी बस हसली. तेव्हापासून हा रोजचा खेळच झाला. कंडक्टर यायचा, वाकून विचारायचा, "कितवीला?" आणि म्हातारी म्हणायची, "नववीला!" त्याशिवाय तो बायकांचं ते फुकटाचं तिकीट फाडायचा नाही, आणि बसमधली माणसंही खेळ झाल्याशिवाय खिडकीबाहेर बघायची नाहीत.

हायस्कूलच्या फाटकाजवळ लिंब आहे. त्याखाली तिचं ठाणं. सुरुवातीला तिथले शिक्षक वैतागले, मग सवय झाली, मग तर तिच्यावाचून त्यांचं अडायला लागलं. भिंतीवरून उडी मारून पळणारी पोरं बंद झाली. कारण भिंतीच्या पलीकडं सोजरबाई! तिला नाव कुणाचं ठाऊक नव्हतं, पण खानदान बरोबर ओळखायची. "ए, तू हनमंताचा न्हवं? तुझ्या आज्याला सांगू का?" पोरगं परत भिंतीवर चढून वर्गात.

आणि मग जे झालं ते मी ठरवूनही करू शकले नसते. गावातल्या आणखी घरांतल्या बाया म्हणायला लागल्या, सोजरबाई जातीच हाय तर आमचीबी पोरगी जाऊ द्या की संगं. पुढच्या जूनमध्ये सोजरबाईमागं पोरींची रांग लागली. ज्या पोरींची आठवीनंतर लग्नं ठरायची, त्या पोरी तिच्या मागं बसमध्ये चढायला लागल्या. मल्लप्पा अप्पांच्या घरची एक, गवंड्याच्या दोघी, आमच्या वस्तीतल्या तर कितीतरी. सोजरबाई दारात उभी राहून कोंबडीच्या पिल्लांसारखं सगळ्यांना आत ढकलायची आणि मग स्वतः चढायची.

भागी दहावीत गेली त्या दिवशी कंडक्टरनं नेमानं विचारलं, "कितवीला?" सोजरबाई म्हणाली, "नववीला!" भागीनं तिला कोपर मारलं, "आज्जी, आपण धाव्वीला गेलाव!"

म्हातारी घाबरून म्हणाली, "अगं माय! मग म्या पास झाले कवा?"

*

आणि नेमकी दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि सोजरबाईचा गुडघा धरला. चार दिवस लंगडत जात होती. मग सुजला, भोपळ्यासारखा. डॉक्टर म्हणाले, पाय जमिनीला लावायचा नाही. आता खरं तर इतक्या पोरी सोबत होत्या की भागी एकटी थोडीच होती? पण सोजरबाईनं खाटेवरून सगळं घर डोक्यावर घेतलं. "म्या जिम्मा घेतलाय! म्या शब्द दिलाय!" आणि शेजारच्या पोराला फोन लावायला सांगून तुळशीरामला सगळं कळवलं.

हंगाम शेवटाला आलेला. तुम्हाला फडाचं ठाऊक नसेल, तर सांगते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं तोडायचा, एकीनं मोळ्या बांधायच्या. एक उठून गेला की कोयता मोडला. तुळशीराम घुटमळत होता. महादेवीनं त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. मला तिनंच नंतर सांगितलं. कोयता घेतला आणि म्हणाली, "म्या तोडती. टोळीतला माझा भाऊ मोळ्या बांधंल. तुमी जावा."

गणिताच्या पेपरच्या दिवशी मलाही त्याच बसनं तालुक्याला मीटिंगला जायचं होतं. खरं सांगू? मीटिंग दुपारी होती.

स्टँडवर बघते तर तुळशीराम! पहाटेच उतरला होता. अंगात धुतलेला सदरा, हाताला उसाच्या पाचटानं कापलेलं, डोळ्यांत झोप. आणि शेजारी भागी, हातात पॅड, चेहरा पांढराफटक. पेपर गेला तर काय होणार ते तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

बस आली. दाराजवळच्या त्याच सीटवर भागी बसली, आणि आजीच्या जागेवर तुळशीराम. अंग चोरून, मांडीवर फडक्यातली भाकरी. मी मागच्या सीटवर. बस हलली तसा तो म्हणाला, "भागे, सातचा म्हन."

दहावीच्या पेपरला सातचा पाढा! पण त्याला दुसरं काय विचारता येणार होतं? भागी सावकाश म्हणायला लागली. घाई नाही, तोफ नाही. सात सक बेचाळीस. सात साते एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न. सात नव्वे… आणि थांबली. खिडकीबाहेर बघत राहिली. मग ती म्हणाली, "त्रेसष्ट."

तुळशीराम मागं वळला. चेहरा पार उतरलेला. "बाई, थांबली ती."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"थांबली तरी?"

"थांबली तरी."

तो पुढं वळला, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि भागीच्या डोक्यावर तो कापलेला हात ठेवून तसाच बसला. मला तर बाई रडूच यायला लागलं. मी पर्समध्ये उगीच काहीतरी शोधत बसले.

तेवढ्यात कंडक्टर आला. सोजरबाईच्या जागेवर भलताच माणूस बघून थबकला. "अज्जी एल्लि?"

"गुडघा धरलाय आयचा," तुळशीराम म्हणाला. "आज मी आलोय."

कंडक्टरनं एकदा भागीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "बरं. कुठं?"

"हायस्कूलला."

सगळी बस कान टवकारून. कंडक्टर हसू दाबत वाकला. तुळशीराम जन्मात पहिल्यांदा त्या बसमध्ये बसलेला. त्याला तो रोजचा खेळ काय ठाऊक?

"कितवीला?"

तुळशीरामनं भाकरीचं फडकं सावरलं, पाठ ताठ केली आणि म्हणाला,

"धाव्वीला. जरा लवकर चालवाया सांगा ड्रायव्हरला. गणिताचा पेपर हाय आमचा!"